आत्मघात : शास्त्र, रूढि आणि निवारण

पराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायाचा आरंभच आत्मघाताच्या प्रकरणानें होतो. गळफास घेऊन प्राण देणाऱ्या स्त्रीपुरुषांस साठ हजार वर्षें घोर नरक भोगावा लागतो असें सांगून स्मृतिकार पुढें म्हणतो कीं, अशा मृतास वाहून नेणारे, त्यास अग्नि देणारे आणि त्याचा पाश तोडणारे यांनीं तप्तकृच्छ्र करून शुद्ध व्हावें. प्रेत वाहणाऱ्यास व अग्नि देणाऱ्यास प्रायश्चित्त कां, हें अशौचाच्या सर्वसाधारण कल्पनेवरून समजतें. पण पाश तोडणारा? स्मृतिकाराच्या मनांत अर्थात् मृताचा पाश सोडविणारा आहे. जिवंतास वांचविणाऱ्यानें प्रायश्चित्त घ्यावें असें कोणीहि विचारी पुरुष म्हणणार नाहीं. तथापि प्रसंग असा असतो कीं, हात लावीपर्यंत मनुष्य जिवंत आहे कीं गेला, हें पाहणारास ठाऊकच नसतें. आणि ज्या समाजांत त्या ठिकाणीं हात लावण्यापूर्वीं स्वतःच्या शुद्धीचा विचार मनांत येतो, तेथें तो हात क्षणभर तरी आंखडला जाणारच. या क्षणाचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आत्मघातासंबंधीं शास्त्रवचनांची यादी देण्याचा येथें हेतु नाहीं. तें काम महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत विस्तारानें करून ठेविलें आहे. त्या वचनांपैकीं कोणतीं मरूं पाहणाऱ्यापर्यंत पोंचलीं आणि कोणतीं केवळ त्याच्या मागें राहिलेल्यांच्या डोक्यावर पडलीं, एवढेंच पाहावयाचें आहे.

पराशराच्या त्याच वचनांत दुसरी एक गोष्ट आहे आणि ती मला नरकाच्या वर्षांहून अधिक मोलाची वाटते. मनुष्य असें कां करतो याचीं चार कारणें तो देतो : अतिमान, अतिक्रोध, स्नेह आणि भय. मानभंग झाला म्हणून, राग अनावर झाला म्हणून, जिवाचें माणूस गेलें म्हणून, किंवा पुढें काय ओढवेल या धास्तीनें. परीक्षेंत नापास झालेला मुलगा, देणेकरी दारांत उभा राहिल्यानें मान खालीं घालणारा गृहस्थ, सासरच्या छळास भ्यालेली सून, हीं सर्व या चार शब्दांत मावतात. व्याधीचा उल्लेख येथें नाहीं. ऋणाचाहि स्वतंत्र नाहीं. सन २०२२ च्या राष्ट्रीय नोंदींत भारतांत आत्मघाताचे १,७०,९२४ मृत्यु नमूद आहेत. त्यांपैकीं शेंकडा ३१.७ कौटुंबिक कारणांनीं व शेंकडा १८.४ आजारामुळें झाले असें त्या नोंदीचें म्हणणें; महाराष्ट्राचा आंकडा २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत मोठा. ‘कौटुंबिक कारणें’ या सरकारी रकान्याची फोड करूं गेल्यास पराशराचे चारहि शब्द त्यांत सांपडतील. निदान झालें होतें; औषध मात्र त्याच्या मानानें सुचलें नाहीं. नरकाचें भय घातलें कीं मरणाचा विचार मागें फिरेल अशी ती योजना होती. परंतु ज्यास या लोकींचें भयच असह्य झालें आहे, त्यास परलोकींच्या भयानें अडविणें म्हणजे आगींतून पळणाऱ्यास पुढें फुफाटा आहे असें सांगणें होय.

शास्त्राचा खरा भार पडला तो मागें राहिलेल्यांवर. बुद्ध्या देहत्याग करणाऱ्यास उदकदान करूं नये असें मनु पांचव्या अध्यायांत सांगतो; याज्ञवल्क्याचाहि अभिप्राय तोच. कल्याणच्या चालुक्यांच्या राजधानींत बसून मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर या ठिकाणीं थोडी वाट करून देतो. हा निषेध जाणूनबुजून मरणाऱ्यापुरता आहे. प्रमादानें, म्हणजे नकळत घडलेल्या अपघातानें, अग्नींत वा पाण्यांत मृत्यु आल्यास अशौच पाळावें व उदकहि द्यावें. आणि बुद्धिपूर्वक मेलेल्याविषयींहि त्यानें दार अगदीं बंद केलें नाहीं : वर्ष लोटल्यावर नारायणबलि करून मग त्याचें और्ध्वदेहिक करावें. सन १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनीं रचलेल्या धर्मसिंधूंत दुर्मरणाच्या प्रकरणीं हाच नारायणबलि सांगितला आहे, आणि त्र्यंबकेश्वरास तो विधि आजहि चालतो.

वरील व्यवस्थेंत दयाभाव आहे हें नाकारतां येणार नाहीं. परंतु तिचा एक परिणाम असा झाला असावा कीं जो कोणाच्याच हेतूंत नव्हता. प्रमाद ठरला कीं सर्व क्रिया यथासांग; बुद्धिपूर्वक ठरलें कीं वर्षभर प्रेतत्व, आणि घराण्यावर डाग. अशा स्थितींत कोणतें घर खरें सांगेल? ‘विहिरीवर पाय घसरला’ हें वाक्य महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून आपण सर्वांनीं ऐकलें आहे. ऐकणाराहि त्यावर प्रश्न करीत नाहीं. भटजी करीत नाहीं, शेजारी करीत नाहीं. ही दयेचीच असत्यवाणी आहे. माझ्या मतें तिचें मूळ मिताक्षरेंतील त्या प्रमादाच्या सवलतींत शोधलें पाहिजे. तिनें मृतास पाणी मिळवून दिलें; पण त्या सुनेस विहिरीकडे कोणी लोटलें हा प्रश्नहि त्याच पाण्यांत बुडविला. जी गोष्ट घडलीच नाहीं, तिचें निवारण कोण करणार?

तो प्रश्न विचारणारा ग्रंथ आपल्याकडे होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत आशुमृतकपरीक्षा नांवाचें प्रकरण आहे. अकस्मात् मेलेल्याच्या शरीराची तपासणी कशी करावी, मारून नंतर टांगलेला कसा ओळखावा, इत्यादि गोष्टी त्यांत आहेत. त्यांतच कौटिल्य सांगतो कीं, एखाद्यानें आपण होऊन फास घेतला असल्यास त्याच्यावर कोणता अन्याय झाला होता याचा शोध करावा. वाक्य लहानसें आहे. पण स्मृतिकारांची दृष्टि मृताच्या पापाकडे आणि या वाक्याची दृष्टि जिवंतांच्या अपराधाकडे, हा भेद फार मोठा आहे. कौटिल्यास मृदु मानण्याचें मात्र कारण नाहीं. याच प्रकरणाच्या शेवटीं, काम किंवा क्रोध यांच्या आहारीं जाऊन प्राण देणाऱ्याचें शव चांडाळाकडून राजमार्गावरून ओढवावें, त्याचें दहन वा क्रिया होऊं नये, व जो आप्त ती करील त्याचीहि तीच गति करावी, असें तोच लिहितो. एकाच प्रकरणांत चौकशी आणि विटंबना शेजारीं शेजारीं आहेत. पुढील काळानें त्यांतील विटंबना तेवढी जपली. हा ग्रंथ शतकानुशतकें लुप्त राहून १९०९ सालीं शामशास्त्री यांच्या हातून छापला गेला. तोंवर इकडे दुसराच कायदा रुजून पन्नास वर्षें होत आलीं होतीं.

त्या कायद्याकडे वळण्यापूर्वीं एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. आमच्या धर्मानें देहत्यागास मानहि दिला आहे, मग निषेध कसला, असें कोणी विचारील. महाप्रस्थान, भृगुपतन, प्रायोपवेशन, प्रयागास देह ठेवणें, जैनांची सल्लेखना, असे नाना प्रकार ग्रंथांत व शिलालेखांत आहेत. त्यांपैकीं सल्लेखनेची गोष्ट निराळी. ती आत्मघात नव्हे असें जैन आचार्य आग्रहानें प्रतिपादितात, आणि २०१५ च्या ऑगस्टांत राजस्थानच्या उच्च न्यायालयानें तिला अपराध ठरविलें तेव्हां त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयास स्थगिति दिली. बाकीच्यांपैकीं महाप्रस्थान आणि वृद्धांचें कड्यावरून वा अग्नींत देहपतन हीं निबंधकारांनीं कलिवर्ज्यांत घातलीं. म्हणजे आपल्याच परंपरेनें कधीं काळीं उघडलेलें दार आपल्याच हातानें लावून घेतलें. शास्त्र बदलत नाहीं असें मानणाऱ्यांनीं कलिवर्ज्यांची यादी एकदां तरी वाचावी.

सहगमनाची गोष्ट मात्र अशी सुटली नाहीं. विज्ञानेश्वर तें मान्य करतो; पण त्याच्या आधींच्या मेधातिथीनें मनुस्मृतीच्या भाष्यांत त्यास स्पष्ट विरोध केला आहे. श्येनयागासारखें तें फलाच्या लोभानें होणारें कर्म आहे, धर्म नव्हे. आणि आयुष्य सरण्यापूर्वीं मरूं नये ही श्रुति त्याच्या आड येते, असा त्याचा युक्तिवाद आहे. लोकांनीं मेधातिथीचें ऐकलें नाहीं. १७७२ सालीं थेऊर येथें माधवराव पेशव्यांमागें रमाबाई सती गेल्या. त्यांचें स्मारक तेथें आहे. गांवोगांवच्या सतीशिळांवर कोंपरांत वांकवून वर उचललेला, बांगड्या भरलेला हात आपण पाहतों. चितेपासून परावृत्त झालेल्या स्त्रीची शिळा कोण उभारणार? लज्जेनें जसें माणूस मरणाकडे ढकललें जातें तसें गौरवानेंहि जातें. बंगाल्यांत १८२९ च्या ४ डिसेंबरास व मुंबई इलाख्यांत पुढील वर्षीं सहगमन बंद झालें; पण गौरवावर बंदी येण्यास राजस्थानांतील देवराळ्याचा प्रकार घडून १९८७ चा कायदा व्हावा लागला.

संस्कृत साहित्यांत मरूं पाहणाऱ्याशीं बोलावें कसें याचा एक नमुना आहे आणि तो बाणभट्टाच्या कादंबरींत आहे. मी तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. कादंबरींतील वेंचा नेमलेला असला म्हणजे तो शुकनासोपदेशाचा असे, लक्ष्मीच्या चांचल्याचा. अच्छोद सरोवराकांठचा हा प्रसंग कधीं नेमलेला पाहिला नाहीं. पुंडरीकाच्या मृत्यूनंतर आपण जिवंत राहिलों याचीच महाश्वेतेला लाज वाटते आहे. ती रडूं लागते तेव्हां चंद्रापीड उपदेश करीत नाहीं. झऱ्याचें पाणी ओंजळींतून आणून तिला तोंड धुण्यास देतो. मग ती आपली सारी हकीगत सांगते आणि तो ती पुरी ऐकून घेतो. त्यानंतर तो बोलतो. प्रियाच्या मागोमाग मरणें हें निष्फळ आहे, त्यानें मेलेला परत येत नाहीं, त्याचें पुण्य वाढत नाहीं, त्याची भेटहि होत नाहीं. शोकाच्या भरांत घडणारें तें एक स्खलन आहे, असा त्याचा आशय. पण तो येथेंच थांबत नाहीं. रति, पृथा, उत्तरा, दुःशला, अशा पतीमागें जिवंत राहिलेल्या स्त्रियांचीं नांवें तो तिच्यापुढें ठेवतो. सातव्या शतकांतला हा दरबारी कवि नरकाचें नांव न काढतां, जगलेल्यांची उदाहरणें देऊन एका स्त्रीच्या मनांतली लाज काढूं पाहतो. स्नेहानें होणाऱ्या आत्मघातावरचें, पराशराला न सुचलेलें, औषध तें हेंच.

सुंदरकांडांतला हनुमानहि आठवण्याजोगा आहे. लंकाभर शोधून सीता न सांपडल्यावर तो मरणाचा विचार करतो. मग स्वतःशींच हिशेब मांडतो : आपण परत गेलों नाहीं तर कोण कोण मरेल, मरण्यांत दोष किती, आणि जगणाऱ्याच्या वांट्यास कल्याण येण्याचा संभव कसा राहतो. याच कांडांत पुढें सीता प्राण देण्याच्या निश्चयावर येते, आणि तिला वांचविते ती हनुमानानें झाडावरून हळूंच सांगावयास घेतलेली रामाची कथा. स्वतः त्या कड्यावरून मागें फिरलेलाच दुसऱ्याला मागें फिरवितो, ही वाल्मीकीची योजना मला सहेतुक वाटते. व्हिएन्ना येथील संशोधकांनीं २०१० सालीं असें दाखविलें कीं, वृत्तपत्रांत आत्मघाताच्या बातम्या रंगवून वारंवार आल्यास तसे मृत्यु वाढलेले दिसतात, आणि संकटांत मरणाचा विचार येऊनहि त्यांतून निभावलेल्या माणसांची हकीगत आल्यास ते कमी झालेले दिसतात. मोझार्टच्या एका संगीतनाटकांतील, मित्रांनीं मरणापासून परतविलेल्या पात्राचें नांव त्यांनीं या परिणामास दिलें. त्यांना बाण ठाऊक असता तर महाश्वेतेचें नांव दिलें असतें, असें म्हणण्याचा मोह होतो. आपल्याकडील पत्रांनीं मात्र मृत्यूची रीत व चिठ्ठींतील मजकूर छापण्याचा हव्यास अद्याप पुरता सोडलेला नाहीं.

आतां कायदा. १८६० सालीं झालेला व १८६२ पासून अंमलांत आलेला भारतीय दंडसंहितेचा कायदा आत्मघाताचा प्रयत्न हा कलम ३०९ खालीं अपराध मानी, आणि त्यास एक वर्षापर्यंत साध्या कैदेची शिक्षा सांगे. वसिष्ठधर्मसूत्रांत, प्रयत्न करून जिवंत राहिलेल्यास बारा रात्रींचें कृच्छ्र सांगितलें आहे; इंग्रजी कायद्यानें नेमका तोच मनुष्य पकडला. वांचला तो अपराधी. इंग्लंडांत अशा मृतास रस्त्याच्या चौकांत पुरण्याची चाल १८२३ सालीं कायद्यानें बंद झाली आणि १९६१ सालीं हा अपराधच रद्द झाला. आपल्याकडे तो त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ राहिला. त्याचा परिणाम धर्मशास्त्राच्या निषेधासारखाच झाला. पूर्वीं क्रियेच्या भयानें ‘पाय घसरला’ म्हणत. आतां पोलिसांच्या भयानें इस्पितळांत ‘चुकून झालें’ म्हणूं लागले. ज्यास उपचाराची सर्वांत निकड, त्याचेच नातलग डॉक्टरांपासून खरें कारण चोरूं लागले. त्याच संहितेंत कलम ३०६ हें आत्मघातास प्रवृत्त करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगे. कौटिल्याच्या त्या लहानशा वाक्याचा अर्थ येथें नकळत पुन्हां उमटला.

कायदा अंमलांत येऊन एकच वर्ष झालें असतां पुण्यांत एक निराळी गोष्ट घडली. जोतीराव फुले यांच्या एका मित्राच्या घरीं स्वयंपाकाला असलेल्या ब्राह्मण विधवेस शहरांतल्या एका शास्त्र्यापासून दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल झालें, आणि लाजेपोटीं तिच्या हातून त्याचा अंत झाला. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याचें कांहीं बिघडलें नाहीं. १८६३ सालच्या या प्रकारानंतर जोतीरावांनीं आपल्या घराशीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, आणि ब्राह्मणवस्तींतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती लाविल्या कीं, विधवांनीं गुप्तपणें येऊन बाळंत व्हावें. येणाऱ्यांचें सारें सावित्रीबाई पाहत. १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर अभिप्राय देतांना जोतीराव लिहितात कीं, तोंवर पस्तीस गर्भवती विधवा येथें येऊन बाळंत झाल्या. मुलें पांचच जगलीं, कारण बाकीच्यांस आयांनीं आधीं घेतलेल्या विषारी औषधांनीं गर्भांतच अपाय झाला होता.

या आंकड्यापाशीं थोडें थांबलें पाहिजे. पस्तिसांपैकीं तिसांनीं, त्या दारापर्यंत येण्याआधीं, स्वतःच्या पोटांत विष घातलेलें होतें. गृहाचें नांव बालहत्येचें. पण अशा स्त्रीपुढें त्या काळीं ज्या वाटा होत्या, त्यांत गर्भपात, बालहत्या आणि स्वतःचा जीव देणें या तिन्ही एकाच उतारावरच्या होत्या, आणि या औषधांनीं पहिली व तिसरी वाट वेगळीहि राहत नसे. म्हणून महाराष्ट्रांतील आत्मघातनिवारणाच्या इतिहासांत या गृहास अग्रस्थान द्यावें असें मला वाटतें. येथें कोणी नरक सांगितला नाहीं, कोणी नांव विचारलें नाहीं, शिक्षाहि नाहीं. अतिमान आणि भय या पराशराच्या दोन कारणांवर नेमका इलाज होता, आणि तो कोठें मिळेल हें भिंतीवर लिहिलेलें होतें. १८७४ सालीं अशाच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्यानें दत्तक घेतला. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला. पंढरपूरचें बालकाश्रम १८७५ चें, पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ चें, कर्व्यांचा अनाथबालिकाश्रम १८९६ चा. यांपैकीं कोणतीहि संस्था आत्मघात हा शब्द उद्देशपत्रांत घालून निघालेली नाहीं. तरी त्यांच्यामुळें किती विहिरी चुकल्या असतील याची गणती कोणत्याहि सरकारी दप्तरांत नाहीं.

कलम ३०९ चा पुढील वृत्तांत थोडक्यांत असा. १९७१ सालीं विधि आयोगानें तें काढण्याची शिफारस केली. १९८६ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें, मानसिक व्याधीनें ग्रस्त अशा एका पोलीस शिपायाच्या खटल्यांत, तें घटनाबाह्य ठरविलें. १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तसाच निर्णय दिला आणि १९९६ सालीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें तो फिरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नें असें गृहीत धरावयास सांगितलें कीं, प्रयत्न करणारा मनुष्य, उलट सिद्ध न झाल्यास, तीव्र मानसिक ताणाखालीं होता. त्यास शिक्षा नाहीं, आणि त्याची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन हें सरकारचें कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत ३०९ नाहीं. सरकारी नोकरास भाग पाडण्यासाठीं किंवा अडविण्यासाठीं केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ खालीं अपराध राहिला आहे, आणि प्रवृत्त करणाऱ्यास कलम १०८ आहे. २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू झालेली टेली-मानस ही सरकारी दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते व तेथें मराठींतहि बोलतां येतें. जोतीरावांची भिंतीवरची जाहिरात जेथें लागली होती तेथें, म्हणजे शाळांच्या, देवळांच्या व बाजारांच्या कोपऱ्यांवर, हा क्रमांक अजून माझ्या दृष्टीस फारसा पडत नाहीं.

कायदा पालटला तरी ‘पाय घसरला’ हें वाक्य एकदम जाणार नाहीं. शेतकऱ्यांच्या बाबतींत तर उलटाच प्रकार झाला आहे : आत्मघात कर्जापायीं झाल्याचें सिद्ध झाल्यास कुटुंबास सरकारी साहाय्य मिळतें, म्हणून तेथें मृत्यु ‘पात्र’ कीं ‘अपात्र’ याची चौकशी बसते. प्रमाद कीं बुद्धिपूर्वक, पात्र कीं अपात्र. विधवा मात्र दोन्ही वेळीं ओटीवर बसून उत्तराची वाट पाहते.

जुन्या काळाविषयीं आपणांस आंकडे मिळणें कठीण. पण कांहीं साधनें हाताशीं आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत नारायणबलीच्या नोंदी असल्यास त्या सालवार काढून पाहिल्या पाहिजेत. दुष्काळाच्या वर्षीं, सांथीच्या वर्षीं, सारा चढविल्याच्या वर्षीं त्या वाढतात काय, आणि स्त्रियांचें प्रमाण काय, हें त्यांवरून कळूं शकेल. नारायणबलि अन्य दुर्मरणांसहि होतो, हें लक्षांत ठेवूनच अनुमान काढावें लागेल. ज्या सभासदांच्या संग्रहीं अशा वह्या असतील त्यांनीं उतारे पाठवावे. मात्र त्यांत घराण्यांचीं नांवें व गांवें न घालतां केवळ साल, महिना आणि मृताचें वय व स्त्रीपुरुषभेद एवढेंच लिहावें.